उशीचा अभ्रा

ऐरोलीच्या आमच्या रो-हाऊसपुढे
अकरा फूट बाय नऊ फूट बाग.
फंडाचे पैसे आले तेव्हा
लग्नघरासारखी सजवली मी ती.
चिनीमातीचे दोन बेडूक, एकाच्या हातात छत्री,
जुन्या टायरचे हंस, माना वळवलेले,
जास्वंदीला घुंगरांची माळ, कुंपणाला दिव्यांची,
भिंतीवर आरशाच्या तुकड्यांचा सूर्य,
आणि पक्ष्यांसाठी लाल कौलांचं घर.
दारावर 'सुस्वागतम्'.

तीन महिने कुणी आलं नाही.
एक मुंगळा आला,
पाहणी करून गेला.

दिवागावातून कोलंबी घेऊन येणारी बारकूबाई
टोपली उतरवत म्हणाली,
"पाखरांना पानी पायजे दादा, बंगला नाय."
आणि फुटक्या माठाचा बूड
आमच्याच नळाखाली सरकवून गेली.
नळ गळत होता. दुरुस्त करायचा राहिला होता.
राहू दिला.

चौथ्या दिवशी बुलबुल.
शेपटीखालचा तो लाल मी लगेच ओळखला :
रबाळ्याला रंगाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली,
तिसऱ्या टाकीत कधी कधी असाच उतरायचा,
पण वाळला की फिकट.
हा भिजून, अंग झटकून, वाळूनही
होता तसाच.

बत्तीस वर्षं ब्लोअरच्या शेजारी.
बारीक आवाज एकेक करून गेले,
आधी घड्याळाची टिकटिक, मग कुकरची पहिली शिट्टी.
भारद्वाज तेवढा ऐकू येतो,
मागच्या नाल्याकाठून, पिंपात बोलल्यासारखा.
बाकीचे हेमलता सांगते.
तोंडाने नाही, तोंडाने ती फक्त म्हणते "थांब",
आणि माझ्या दंडावर बोट आपटते :
शिंपी असा. टक-टक-टक-टक.
दयाळाला ती बोट उचलतच नाही,
कोपरापासून मनगटापर्यंत ओढत नेते.

माघात शिंजीर आला, काळा-जांभळा,
आणि आरशाच्या सूर्यात त्याला
तेवीस वैरी दिसले.
सकाळी सहापासून भांडला.
चोच आपटून आपटून धापा टाकायचा,
पुन्हा चोविसावा वैरी शोधायचा.
हेमलताने ट्रंकेतून उशीचा अभ्रा काढला,
तिने लग्नाआधी भरलेला, कोपऱ्यात दोन गुलाब,
मधोमध 'शुभ रात्री',
आणि सूर्यावर टांगला.

मग एकेक उतरतच गेलं.
घुंगरांना साळुंक्या बिचकायच्या, माळ काढली.
मला तशीही ती ऐकू येत नव्हती.
शिंजिराची मादी कोळिष्टकं वेचताना दिसली
तेव्हापासून पोर्चमध्ये केरसुणी वर जात नाही.
तिने घर बांधलं कुठे, तर दिव्यांच्या माळेला,
सातव्या आणि आठव्या दिव्याच्या मध्ये.
स्वीच मी चिकटपट्टीने बंद केला.
लाल कौलांच्या घरात एक पाल राहते.
भाडं देत नाही.

नेमकी त्याच आठवड्यात
सेक्टरची बागसजावट स्पर्धा.
मी नाव आधीच देऊन बसलेलो.
परीक्षक आले, दोन बाया आणि एक गृहस्थ,
गळका नळ पाहिला, फुटका माठ,
जाळी, विझलेली माळ,
आणि भर दुपारी भिंतीवर शुभ रात्री.
गृहस्थांनी विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का?"
मी म्हणालो, "बाळंतीण आहे."
कागदावर लिहून गेले : देखभाल कमी.

ते फाटकाबाहेर पडले आणि मी घरट्याजवळ गेलो,
फार जवळ नाही.
वाळका पाला, कापूस, कसलंसं साल,
आणि त्यात पिवळा चमकणारा एक धागा.
आमच्या दाराच्या तोरणाची जर.
कधी नेली कळलंच नाही.

काल पहाटे हेमलताने उठवलं.
पायरीवर दोघं बसलो, चहा न करता.
मादी आली, तोंडात काहीतरी हलणारं,
घरट्याचं भोक एकदम चोचींनी भरलं.
मला ते नुसतं दिसत होतं.
"थांब," ती म्हणाली,
आणि तिचं बोट दंडावर इतकं भराभर पडू लागलं
की मी म्हणालो, अगं हळू,
किती आहेत ते मोजता येईना.
म्हणाली,
मला तरी कुठे येतंय.