घड्याळ घ्यायचं तर

गुरुसिद्दप्पानं काचेवर तीन मांडली.
खडेबाजारात दुपारचे लाईट गेलेले,
म्हणून आम्ही दोघं दाराशी, उन्हात मनगटं धरून.
“नोड्री अक्का, हे पन्नास मीटर पाण्यात चालतंय.”
पाण्यात कोण जातंय, म्हटलं,
मागावर चाललं पाहिजे.

त्याला कळलं नाही. कसं कळणार.
वडगावात आमच्या शेडातले चार माग एकदम सुटले
की जमीन पायांतून वर चढते, दातांपर्यंत.
गजर ऐकू येत नाही तिथं.
“मग थरथरून सांगणारं घ्या की.”
जिथं सगळंच थरथरतंय
तिथं एवढ्याशा थरथरीला कोण विचारतो?

पहाटेचं वेगळं.
पाच वाजता येळ्ळूरच्या रस्त्याला मी आणि फिलोमिना,
दोन्हीकडं भात, बासमती फुलावर आली
की श्वास आपोआप लांब होतो.
फिलोमिना कॅम्पातल्या दवाखान्यात नर्स,
तिच्या हातात काळं, गोल, नकाशावालं.
राजहंसगडाचा चढ लागला की ती बोलायची थांबते
आणि मनगटाकडं बघते,
उतू जायच्या बेतातल्या दुधाकडं बघावं तशी.

डिसेंबरात एकवीस किलोमीटर आहेत.
त्यासाठी भिशीतले सहा हजार.

पहिलं देखणं होतं, बोट लावलं की उजळणारं.
माझ्या बोटांना खळ आणि वंगण.
तीनदा पदराला पुसली,
त्यानं काही ओळख दिली नाही.

दुसऱ्यानं आधी भाषा विचारली.
यादी खाली खाली जात राहिली,
पोर्तुगीज, तुर्की, थाई,
गुरुसिद्दप्पा त्याची शोधत होता, मी माझी.
यादी संपली
तसे आम्ही एकमेकांकडं बघून हसलो.
आमच्या गावात ह्या विषयावर
दोन माणसं एकदम हसल्याचं मला तरी आठवत नाही.
“इंग्लिशच टाकतो,” तो मराठीत म्हणाला.
“हाक्री,” मी कन्नडात.

एक दिवस वापरून बघा म्हणाला, पैसे ठेवून घेतले.
संध्याकाळपर्यंत एकोणीस हजार पावलं.
दोन मागांमधल्या बोळातून
मी दिवसभर बाहेर पडले नव्हते.
नाडी एकशे बेचाळीस.
दुपारी एकशे बेचाळीस, चारला एकशे बेचाळीस,
डबा उघडून भाकरी मोडताना तेवढीच.
फिलोमिनानं पहाटे तो आलेख पाहिला,
रस्त्यातच थांबवून
माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली,
ओठ हलवत मोजलं. चौसष्ट.
“रेणुका, ही तुझी नाही गं.
ही तुमच्या मागाची.”

मागाचीच. मिनिटाला तेवढेच धोटे फेकतो तो.
अठरा वर्षं मी त्याच्या ठोक्यावर
सुतं जोडलीत, भांडणं केलीत,
पोराला पाजायला घरी धावत गेलेय.
लाईट गेले की शेडात जी शांतता पडते,
तिच्यात मला नेहमी चक्कर आल्यासारखं व्हायचं.
आता वाटतं, नाडी बदलायची असेल.

तिसरं घेतलं.
जाड, कुरूप, पाच बटणांचं,
नाडीच्या भानगडीत न पडणारं.
उन्हात आकडे ठळक, बॅटरी दोन वर्षं,
चव्वेचाळीसशेचं चार हजाराला.
लग्नाकार्यात घालण्यासारखं नाही.
राशनच्या रांगेत चालतं, गिरणीत चालतं.
डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या हातात गेल्या,
त्यावर सासूबाई म्हणाल्या,
“मीटर बांधून कुठं पळूलीस?”
आणि दोन दिवस बोलल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी डाळ शिजायला घालताना
स्वतःच विचारलं, किती मिनिटं झाली बघ.

इंग्रजी तीनच शब्द लागतात.
स्टार्ट, स्टॉप आणि लॅप.
येळ्ळूरच्या कमानीशी एकदा लॅप,
गडाच्या पायथ्याशी एकदा.
आता मागावर ताणा तुटला, खटकन शांत झालं,
की सूत धरण्याआधी
अंगठा त्या बटणाकडे जातो.
काल तर दाबलंच.
सात मिनिटं, बावीस सेकंद.
शेजारच्या मागावरून मुनीरानं ओरडून विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
एक तुकडा झाला.