नमुना अयोग्य

डबीवर नाव पेन्सिलीनं लिहायचं असतं,
शाई स्पिरिटनं जाते.
इराण्णा मल्लाप्पा, वय चार,
मुक्काम बेदाण्याचं शेड, सावळज रस्ता.
मी म्हणालो, सकाळी उठल्याउठल्या चूळ भरून
आतून काढायचं, छातीतून.
शांतव्वा मान हलवत राहिली.
मराठी तिला कळतं. पण आतून म्हणजे किती आतून,
हे मला तरी कुठल्या भाषेत सांगता येतं?

दुसऱ्या दिवशी डबी आली, झाकण घट्ट.
आत चार बेदाणे.
इरूनं मला खाऊ आणला होता.

चार वर्षांचं पोर बेडका थुंकत नाही, गिळतं.
ट्रेनिंगला सांगितलेलं, वहीत उतरवलेलं.
तरी मी अजून दोनदा डबी दिली.
शेवटी आली ती नुसती लाळ, वर एक बुडबुडा.
काचेवर पसरली, लाल रंग घातला, खालून जाळ दाखवला,
शंभर जागा बघितल्या.
निळं. सगळीकडं निळंच.
दिसेल ते लिहायचं, एवढंच माझं काम.
निगेटिव्ह, लिहिलं.
शेऱ्यात: नमुना अयोग्य.
शेरा कोण वाचतं.

शेडवर सगळेच खोकतात.
मार्चात गंधकाची धुरी जाळ्यांतून रस्त्यावर येते,
मोटारसायकलवालेसुद्धा तोंडाला रुमाल लावतात.
"गंधकानं हुतंय," मुकादम म्हणाला,
"सीझन सरला की बसतंय."
एका डॉक्टरनं गोड औषध दिलं,
दुसऱ्यानं जंताची गोळी,
तिसऱ्यानं विचारलं, पोरगं खातंय का नीट?

काटा मात्र शेडवरचा ग्रॅमही चुकवत नाही.
पंधरा किलोचा बॉक्स,
दोन दाणे जास्त झाले तर बोटानं उचलून घेतात.
मीच म्हणालो, ह्याला ठेवा जरा वर.
हसत हसत चढला.
नऊ किलो आठशे.
कुणीतरी म्हणालं, दोन नंबरचा माल.
सगळे हसले. शांतव्वाही.
मीही, बहुतेक.

मे संपता संपता जुनं रजिस्टर काढलं,
कशासाठी ते आता आठवत नाही.
गेल्या सीझनचं पान:
मल्लाप्पा, वय एकतीस, थुंकी तीन प्लस.
अक्षर माझं.
त्याच्या काचेवर लाल काड्या नुसत्या सांडल्या होत्या,
मोजायचीही गरज पडली नव्हती.
सहा महिने गोळ्या, मग बरा.
आमच्या आकड्यांत एक जमा.
त्याच ओळीत शेवटचा रकाना:
घरातील सहा वर्षांखालील मुले.
तेव्हा भेटीला जाणाऱ्याची जागा रिकामी होती,
मीच फोन करून रकाने भरायचो.
फोन मुकादमाचा.
घरात कोण कोण, मी विचारलं.
"घर कुठलं सायेब, शेड हाय," तो म्हणाला.
मी शून्य काढलं.
गोल, नीट, रकान्याच्या मधोमध.

आणि डबीवर बापाचं नावही मीच लिहिलं होतं ना,
पेन्सिलीनं.

मिरजेला पहाटे, लेकरू उपाशी असताना,
नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात.
रात्रभर गिळलेलं सगळं तिथं असतं.
चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला, गाडीला किक मारली.

जाळ्या उतरवलेल्या.
तारांना चिकटून राहिलेले थोडे काळे दाणे
आणि एक कुत्रं सावलीला.
"गेली की परवा. जतकडं, न्हाईतर इजापूरला."
नंबर?
"लागत न्हाई."
पोरगं?
"खोकत हुतं. सगळीच खोकत्यात."

पहिली डबी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.
नियमानं कधीच नष्ट करायला हवी होती.
आत तीन बेदाणे.
एक मी तेव्हाच खाल्ला होता,
तो तिन्री, तिन्री म्हणत
तोंडाकडं बघत उभा होता म्हणून.