टिपणिसांचं रीडिंग

माझं काम आकडे वाचायचं, माणसं नव्हे.
तरी माहीमला, कापड बाजारामागच्या गल्लीत,
टिपणिसांचा मीटर एकशे सत्त्याहत्तरवरून
एकदम बाराशे बेचाळीसवर गेला,
तेव्हा मी वर चढलो.
दुसऱ्या मजल्यापासूनच ऐकू येत होतं,
भिंतीआड कुणी एकसारखं उसासतंय.

"एसी घेतलात?"
"कुठला एसी! आमचा ओजस नाणी काढतोय,"
बाई म्हणाल्या, "कुठून काढतोय, ते त्यालाच विचारा."

आतल्या खोलीत भांड्यांची जुनी मांडणी.
ताटं जिथे उभी राहायची
त्या खाचांत सहा ग्राफिक्स कार्डं,
प्रत्येकावर आईच्या नेलपॉलिशनं घातलेला नंबर.
आणि समोर स्टुलावर हा,
तीन दिवसांची दाढी, मांडीवर कीबोर्ड.

"काका, यांना सगळी ताकद लागतच नाही.
कोअरचा वेग दोनशेनं उतरवायचा,
मेमरीचा हजारानं चढवायचा,
पॉवर लिमिट साठ टक्के, पंखा सत्तर.
मग बघत बसायचं."
किती वेळ?
"कोसळेपर्यंत. कोसळलं की एक पायरी मागे."

एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय
वीज जपून वापरा.
ऐकून मान डोलावतात, गिझर चालूच.
आणि हा पोरगा पहाटे चारला उठून
एकेका कार्डाचे पाच-पाच वॉट कमी करतो,
तापाच्या पोराचं पांघरूण सारावं तसा.

एकाच कंपनीची, एकाच खोक्यातून आलेली,
तरी दोन नंबर बाराशे सोसतं,
पाच नंबर नऊशेवरच मान टाकतं.
आणि चार नंबर?
"ते चुकीची उत्तरं देतं, काका.
चुकीची, पण फार वेगात."
आमच्या दादर ऑफिसात एक साहेब होते तसे,
मी म्हणालो. पोरगा पहिल्यांदा हसला.

मांडणीमागे बाईंनी दोरी बांधलेली.
जुलैत सगळी इमारत कोंदट चादरींत झोपे,
टिपणिसांकडे टॉवेल
चाळीस मिनिटांत पापडासारखा कडक.
"नाण्यांचं काय ते देव जाणे," बाई म्हणत,
"माझी मांजरपाटाची परकरं तरी वाळतात."

पुढच्या महिन्यात आठशे तीन.
काम तेवढंच, म्हणाला, स्क्रीन वळवून दाखवलं.
मला त्यातलं काही कळलं नाही.
आठशे तीन कळलं.
मी कधी कुणाच्या पाठीवर थाप मारत नाही,
आपल्या कामात ते बसत नाही.
मारली.

मग एका रात्रीत त्या नाण्याची खाणच मिटली.
कुणी लुटली नाही, आटली नाही,
त्यांना म्हणे आता गणितंच नको झाली.
ओजसनं पाच कार्डं टॅक्सीत घालून
लॅमिंग्टन रोडला नेली, मोजणी निम्म्यातही झाली नाही.
चार नंबर कुणी घेतलं नाही.
मांडणीत परत ताटं आली.
रीडिंग एकशे एक्क्याऐंशी.

आता आमचेही दिवस भरलेत.
नवे मीटर स्वतःच स्वतःला वाचतात,
ऑफिसात बसल्या जागी आकडा येतो,
जिना नाही, उसासा नाही, "पाणी घ्या" नाही.
माहीमची माझी शेवटची फेरी ऑगस्टात होती.
टिपणिसांचा आकडा एकशे शहाण्णव.

पंधरा युनिट कसले?

बाईंनी आतलं दार ढकललं.
दोन ताटांच्या मधे एकटं चार नंबर,
पॉवर लिमिट तळाला, पंखा मंद,
कुणीही न मागितलेली गणितं सोडवत,
बहुतेक चुकीची.
आणि त्याच्यावर दोरीला
ओजसच्या नव्या नोकरीचे मोजे,
काळे, चार जोड.