गटाचे नियम

वीज गेली तेव्हा मी चौथ्या ओळीत होते.
आंधळगावात ती दिवेलागणीला जाते,
जेवणं उरकली की येते.
लॅपटॉप मिटून खडू घेतला.
प्रबंध ओट्यावरच्या सिमेंटवरही चालतो.

एक.
एक एक.
एक दोन एक.
एक तीन तीन एक.

दुर्पता मावशी बचत गटाची वही काखेत मारून आली.
"हे का वं, अर्धीच रांगोळी?"
म्हटलं, वरच्या उजव्या अर्ध्यात नुसती शून्यं,
लिहीत नाही. खाली मात्र संपत नाही.
"संपत नाही त मांडते कायले?"

मला व्हायवामध्येही कुणी हे विचारलं नव्हतं.
सांगून पाहिलं:
अशा दोन न संपणाऱ्या चळती एकमेकींनी गुणल्या
तरी कुठल्याच घरात न संपणारी बेरीज येत नाही.
ती रिकामी शून्यं तेवढी राखण करतात.
कितीही खाली उतर,
हिशेब बोटांवर मावतो.
आणि या साऱ्या मिळून एक गट होतो.

गट म्हणताच मावशी टेकली.
"नियम सांग."

दोघींनी मिळून जे केलं तेही गटातच राहिलं पाहिजे.
"आमचं बी तसंच."
तिघी असल्या तर कंस कुठेही घाला, उत्तर एक,
पण आधी कोण, नंतर कोण, हे बदललं की बिनसतं.
"मानपान."
एक अशी लागते
जी आली काय, न आली काय, सारखंच.
"कौतिका," मावशी श्वासही न घेता म्हणाली.
आणि प्रत्येकीला तिची उलट हवी,
केलेलं सगळं जागच्या जागी फिरवणारी.
"हप्ता."

फक्त या तिरक्या काठावर, कर्णावर,
शून्य नको. तिथे एक जरी आलं
तर बाकी घरं कितीही भरलेली असोत,
परतायची वाट नाही.

मावशी काही बोलली नाही.
वहीचं एक पान तिने अंगठ्याने दाबून धरलं होतं.

आत बाबा कंदिलाशी करवतकाठ उसवत होते.
सात फेऱ्यांमागे एक दात चुकलेला.
शेवटचा धागा आधी,
मग त्याच्या आधीचा,
मग त्याच्या.
गुणाकाराची उलट अशीच घेतात,
जो नंतर आला तो आधी जातो.
मला हे शिकायला दोन सेमिस्टर लागली.
बाबांना बोटांत येतं, आणि कंटाळाही येतो.

रात्री शेळी सुटली.
सकाळी वरच्या साऱ्या ओळी खुरांनी पुसलेल्या,
तळची तेवढी शाबूत:
एक सहा पंधरा वीस पंधरा सहा एक.

चहाच्या आधी मावशी तिथे उकिडवी, हातात माझा खडू.
एक.
सहातून एक गेला, पाच.
पंधरातून पाच, दहा.
वीसातून दहा, दहाच.
पंधरातून दहा, पाच.
सहातून पाच, एक.
एकातून एक...
"शून्य आलं पाय. पान जुळलं."

मग तिच्या वरची ओळ, मग तिच्याही वरची,
मागे सरकत,
पदर नुकत्या लिहिलेल्या आकड्यांवरून ओढत,
पार भिंतीपर्यंत, जिथे एकच घर,
आणि त्यात एक.

"आन् याच्या वर का हाये?"

मी शेळी बांधायला गेले.