अकराव्या मिनिटाला

विजयनगरला तिसऱ्या मजल्यावर
मी राक्षस काढते. पगारी.
महिन्याला चार, दिवाळीच्या आधी सहा.
पोरांनी ते रानात गाठायचे, दमवायचे,
डबीत भरायचे,
आणि दुसऱ्याच्या राक्षसावर सोडायचे.

या खेपेस हुकूम आला : फळ पाहिजे. ड्रॅगन पाहिजे.
एकातच दोन्ही पाहिजे.

मी जाम घेतला.
पुण्याची मावशी विचारते, जाम म्हणजे पावावरचा?
नाही गं, पेरू. आमच्या इंदुरात पेरूला जामच म्हणतात,
आणि छावणीच्या कोपऱ्यावर भंवरीबाई
तो असा चिरून देते
की चारही फोडी देठाला धरून राहतात,
उघड्या जबड्यासारख्या,
आत तिखटमीठ.

तिच्याच एका जामात अळी निघाली.
तांदळाच्या दाण्याएवढी, घाईत असलेली.
मी फेकायला गेले तर भंवरीबाई तिच्या माळवीत म्हणाली
ते साधारण असं, की बाई,
अळीसुद्धा गोड बघूनच बिऱ्हाड करते.

बिऱ्हाड.
हा एक शब्द घेऊन मी टेबलाशी बसले.

एक फळ, सात भाडेकरू.
पहिला भांडखोर, त्याला आग दिली.
दुसरीला फक्त पाक गाळता येतो,
ज्याच्यावर पडेल तो चिकटून जागीच उभा.
तिसरा मोजतो. काय ते मी ठरवलं नव्हतं.
चौथी लाजरी. भोकातून नुसते डोळे,
लढाई चालू असेतो बाहेर यायचीच नाही.
पाचवा आणि सहावा एकमेकांशी बोलत नाहीत,
राहतात मात्र शेजारी, कारण भोकं तिथंच होती.
सातवा देठाकडून मागे बघतो.
आणि सातांना मिळून एक शेपूट,
ती कुणी हलवायची यावरून रोज कटकट.

खांबेटेसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"छान आहे. तीन करा."
स्वस्तातले फोन सात डोकी पेलत नाहीत,
तापतात, खेळ अडकतो, पोरं शिव्या घालतात.
सगळं खरं होतं. मी वाद घातला नाही.

दुपारभर डोकी उडवली.
मागे बघणारा आधी, तो तसाही कुणाला दिसत नव्हता.
मग न बोलणारे दोघे, एकाच फटक्यात.
निदान जाताना सोबत गेले.
लाजरीपाशी हात थांबला.
पडद्यावर ती माझ्याकडे बघत नव्हती,
पलीकडे अमोघ दिघेच्या टेबलाकडे बघत होती,
जिथे तो आकडे लिहितो, चित्रं हलतात.
डोळे मीच तसे काढले होते.
पुसले.

खेळ बाजारात आला. चालला, म्हणजे फार नाही.
यादीत चौऱ्याण्णवावा : तीन डोक्यांचा जाम.
दुर्मिळता : सामान्य.

परवा संध्याकाळी भंवरीबाईकडे गर्दी.
तिचा नातू खेळता खेळता उठला,
फोन जामांच्या ढिगावर तसाच उताणा टाकून
तराजूला लागला.
एक गिऱ्हाईक, दोन गिऱ्हाइकं, मग सुट्ट्या पैशांची भानगड.
माझी पाळी यायची होती. मी फोनकडे बघत उभी.
भांडखोर पेंगत होता. पाकवाली पेंगत होती.
मोजणाऱ्याचे ओठ तेवढे हलत होते.

मग खालच्या भोकातून दोन डोळे वर आले.

मी पुसलेलेच. तेच.
आधी डावीकडे. मग उजवीकडे.
मग मान, पूर्ण मान, जी मी कधी काढलीच नव्हती,
बारीक, हिरवट, कुणी तरी
रात्री थांबून काढल्यासारखी जरा वाकडी.
ती ढिगातल्या खऱ्या जामांकडे बघत होती,
असं मला वाटलं. पडद्यातून तसं दिसत नसतं.

पोरानं हात पुसला, फोन उचलला.
भोक रिकामं.
"कितने?" त्यानं विचारलं.

अमोघला मी अजून काही बोललेले नाही.
रोज वेळ मोजते मात्र :
फोन न शिवता ठेवला
की बरोबर अकराव्या मिनिटाला येते.

त्या दिवशी अर्धा किलो घेतले.
निवडून देऊ का, म्हणाला.
नको, म्हटलं,
एखादा किडका असला तरी चालेल.