बादलीतली रात्र

जॉर्जियाच्या खाजणात, वळणावर,
टायटस होडीचं इंजिन बंद करतो.
म्हणतो, आता ऐक.
मला नुसती चिखलाची बुडबुड ऐकू येते.
मग गवताच्या आत, कुठेतरी,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज.

भरती चढते तशा गोगलगायी गवतावर चढतात,
पाण्याच्या वर दोन बोटं,
नेहमी दोनच बोटं,
तेवढ्यावर आपण वाचलो असं त्यांना वाटत असावं.
कासव खालून येतं, मान लांबवतं.
दोन बोटं म्हणजे काहीच नाही.

काल धरलेली मादी रात्रभर बादलीत होती.
सकाळी ते पाणी आम्ही चाळणीतून गाळलं.
झाकणं निघाली.
गोगलगायींच्या दारांची, तपकिरी, मसुराएवढी,
एकशे बेचाळीस.
खेकड्याची एक नांगी, शिंपल्याचा निळसर चुरा,
आणि गवताचं एक पातं.
मी वहीत लिहिलं: गवत, एक.
टायटस हसला.
"माझ्या भातात कधी केस येतो.
मग काय, मी केस खातो असं लिहिशील?"

नर अंगाने निम्मा, तोंड चिमुकलं.
फोडायला सोप्या, बारक्या तेवढ्या तो वेचतो,
मोठ्या तिच्यासाठी राहतात.
"आमच्याकडेही तेच," टायटस म्हणतो
आणि कुणाचं नाव घेत नाही.

त्याचा काका प्रायमस ही कासवं पोत्याने विकायचा,
शहरातल्या हॉटेलांना, सूपासाठी.
पुढे ते सूप कुणाला नकोसं झालं.
टायटसने विकलं एकही नाही.
फक्त एका वादळानंतर
खेकड्यांचा एक पिंजरा त्याला सापडेना.
मार्चमध्ये सापडला. आत अकरा.
माशाच्या मुंडक्याच्या वासाने आली असणार,
श्वास घ्यायला वर जाता आलं नाही.

आता त्याच्या प्रत्येक पिंजऱ्याच्या तोंडाला
तारेची चौकट आहे, स्वतः वाकवलेली.
खेकडा जातो, कासव अडतं.
त्या ओढ्यात गवत विरळ झालंय,
उरलेल्या काड्यांवर गोगलगायी मण्यांसारख्या दाटल्यात.
मी कारण लिहीत नाही, तेवढा पुरावा नाही.
टायटसला पुरावा लागत नाही.
तिथून जाताना तो होडी हळू करतो.

मादीला भरतीत सोडलं.
रात्रभराची उपाशी, सरळ गवतात घुसली.
बादली विसळताना पाहिलं,
तळाशी एक झाकण चिकटून राहिलं होतं.
एकशे त्रेचाळीस.
वहीतला आकडा खोडला,
ओल्या बोटांनी, म्हणून पानही थोडं फाटलं.