नेपल्सला नेण्याची पिशवी

तेरच्या म्युझियममध्ये सव्वीस वर्षं
मी काच पुसली.
काचेआड टीचभर हस्तिदंती बाई,
अंगावर दागिने, बाकी फारसं काही नाही.
साहेब पाहुण्यांना सांगायचे :
हिच्यासारखीच एक तिकडं इटलीत सापडली,
राखेखाली.
कुणी नेली, कुठल्या गलबतातून…
मी फडकं पिळत ऐकायची.

आता पेन्शन बसलीय.
पासपोर्टला कागद लावले,
जुन्यावर उस्मानाबाद, नव्यावर धाराशिव.
माहेरचं नाव, सासरचं नाव, तसंच धरा की, म्हटलं.
क्लार्क हसला नाही.

पोलीस आला चौकशीला.
"सोबत कोण हाय, मावशी?"
कुणी नाही.
"मग कशाला जायलात?"
चहा घ्या, म्हटलं.

बालाजी पुण्याहून म्हणतो, ग्रुपनं जा,
वरण-भात मिळतो.
ग्रुप म्हणजे वीस मिनिटं, शिट्टी, चला.
मला तिच्यासमोर दिवसभर उभं राहायचंय,
हातात फडकं नसताना.

रात्री वहीत मांडते :
विमान. खोली. गुडघ्याचा पट्टा.
धपाटे चार दिवस टिकतात,
शेंगदाण्याची चटणी जाईल, लोणचं गळेल.
तिकडं डिसेंबरात किती थंडी, ते बालाजीच्या पोरीला विचारायचं,
हळूच.

एवढ्या वर्षांत
गावाकडचं कोण गेलं असेल तिला भेटायला?
काय बोलायचं, ते ठरलेलं नाही.
समजा, काचेवर कुणाच्या बोटाचा डाग असला,
आणि माझा पदर आपसूक पुढं झाला,
तर तिथला शिपाई ओरडेल.
ओरडू दे.
मला कुठं कळतं इटालियन.